कोपरा

राउमाच्या गोदीत त्या वर्षी
समुद्र डिसेंबरातच गोठला.
बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या डेकवर
एक चौकोनी झडप हवी होती,
माणूस आत उतरेल एवढीच.
पोलादाला भोक पाडलं की ताण वाट बदलतो
आणि कोपऱ्याशी येऊन गर्दी करतो.
किती गर्दी, ते सांगायचं काम माझं.

संगणक भाड्याचा. हेलसिंकीत कुठल्याशा तळघरात
मिनिटाला मार्क्का खायचा.
रात्री दहानंतर दर निम्मा,
म्हणून आम्ही रात्री अचूक असायचो.

पहिली जाळी विरळ टाकली,
मोठ्याच माशांसाठी टाकावी तशी.
सगळ्या डेकला छत्तीस त्रिकोण.
दोन मिनिटांत उत्तर आलं: सगळं ठीक आहे.
इतक्या लवकर ठीक होणाऱ्या गोष्टींवर
माझा विश्वास नाही.

मग जिथे चूक जास्त, तिथेच वीण घट्ट,
बाकीचा डेक तसाच, ढोबळ.
कोपराला भोक पडलं म्हणून
कुणी अख्खा स्वेटर उसवत नाही.
हे शहाणपण प्रोग्राममध्येच होतं:
स्वतःची चूक तो स्वतः मोजायचा,
स्वतःच त्रिकोण चिरायचा.
मी कॉफी करायची
आणि कागदाच्या लांबलचक घड्या उलगडायच्या.

कोपऱ्यावरचा आकडा: दोनशे दहा.
पुन्हा चिरलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी.
तीनशे पंच्याण्णव.
पाचशे एक्केचाळीस.
बाकी डेकवरचे आकडे केव्हाच
आपापल्या जागी झोपले होते.
हा एकटा जागा,
घास भरवावा तेवढी भूक वाढत जाणारा.

सकाळी हिल्क्का नुर्मेला बिल घेऊन आली.
हिशेबाच्या वहीवर तिनं चष्मा ठेवला.
म्हणाली, झडपेची किंमत याहून कमी आहे, रायली.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
मी म्हटलं, अजून एक फेरी.
आणि माझाच आवाज मला ऐकू आला:
सासरे घोड्यांच्या शर्यतीहून परतताना
अगदी असंच बोलायचे.

त्या रात्री मशीन लावलं नाही.
खाली गोदीत गेले. उणे एकोणीस.
आर्मास वेंटोला वेल्डिंगचा मुखवटा वर सारून
भाकरीचा तुकडा चावत बसला होता.
विचारलं, हा कोपरा नेमका किती टोकदार?
तो हसला. म्हणाला, हातमोजा काढ.
कापून ठेवलेल्या पत्र्याच्या कोपऱ्यात
त्यानं माझा अंगठा टेकवला.
अंगठा नीट बसला.
टोकदार मला जमतच नाही, तो म्हणाला,
चाळीस वर्षांत एकदाही जमलं नाही.

मोजली ती गोलाई. बारा मिलिमीटर.
माझ्या नकाशात तिथे शून्य होतं.
शून्याच्या टोकावर ताणाला अंत नसतो,
कितीही बारीक विणा, तो निसटून वर जातो.
आठवडाभर, निम्म्या दरानं,
मी अशा एका कोपऱ्याचा हिशेब करत होते
जो जहाजात नव्हताच.

गोलाई घातली. तिच्या वळणावर चौदा त्रिकोण,
दूरवर पुन्हा ते धटिंगण, आळशी त्रिकोण.
तिसऱ्या फेरीनंतर आकडा
शेकड्यात एकानंही हलेना.
इथे थांबायचं, असं समीकरण सांगत नाही.
कुणीतरी एक टक्का असं लिहून सही करावी लागते.
मी केली. बिल: सतरा मिनिटं.

आकडा मात्र परवानगीहून जास्तच निघाला.
गोलाई पन्नासची करा, असं कळवलं.
आर्मास दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,
पण घासली त्यानं, आरशासारखी.

फेब्रुवारीत जहाज बर्फात गेलं.
त्या रात्री पोलादावरून अंगठा उचलताना
थोडी साल तिथेच चिकटून राहिली होती.
हिल्क्काच्या वहीत
तो खर्च कुठेच नाही.